‘टेन्शन घेऊ नका’ : एका वाक्याविरुद्ध

परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड, मधुमेहाच्या तपासणीनंतर रुग्णाच्या हाती तीन गोष्टी पडतात : एक आकडा, एक चिठ्ठी आणि एक वाक्य. आकडा रक्तातल्या साखरेचा असतो, चिठ्ठी गोळ्यांची असते आणि वाक्य असते, ‘टेन्शन घेऊ नका, टेन्शननं शुगर वाढते’. आकडा पुन्हा तपासून घेता येतो. चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येते. वाक्य मात्र कोणी तपासत नाही. वाक्ये तपासणे हे ज्यांचे काम ते आपण, म्हणजे भाषा आणि साहित्य शिकणारे-शिकवणारे लोक, हा वैद्यकाचा प्रांत आहे असे म्हणून बाजूला उभे राहतो. प्रस्तुत लेखाचा रोख त्या वाक्याविरुद्ध आहे, आणि काही अंशी आपल्या या बाजूला उभे राहण्याविरुद्धही आहे.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. हे वाक्य खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. मनाचा क्षोभ आणि रक्तातली साखर यांचा संबंध आहे आणि तो फार पूर्वीच वैद्यांच्या लक्षात आलेला आहे. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस याने सतराव्या शतकात या रोगातील मूत्राच्या गोडीची नोंद केली, तेव्हा कारणांत दीर्घ शोकही गणला. १८४९ च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी प्राण्याच्या मेंदूच्या तळाशी एका विशिष्ट जागी सुई टोचली आणि त्या प्राण्याच्या मूत्रात साखर उतरली. यकृत साखर तयार करते व साठवून ठेवते, हेही बर्नार यांनीच दाखवले. पुढे अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांनी भय, क्रोध आणि वेदना यांनी शरीरात काय घडते याचा अभ्यास केला. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातला एक प्रयोग या पानावरच्या वाचकांना जवळचा वाटेल. वैद्यकाच्या नऊ विद्यार्थ्यांचे मूत्र परीक्षेनंतर तपासण्यात आले. एरवी त्यांतल्या कोणाच्याही मूत्रात साखर नव्हती. अवघड परीक्षेनंतर नवांपैकी चौघांत ती सापडली. सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच. हार्वर्डच्या फुटबॉल संघातील पंचवीस जणांची अटीतटीच्या सामन्यानंतर तपासणी झाली, तेव्हा बारा जणांत साखर निघाली. त्या बारांतले पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते, नुसते बसून सामना पाहत होते.

या घडामोडीचा उलगडा आता बराच झाला आहे. भय किंवा चिंता यांच्या वेळी अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते आणि इन्शुलिनचे काम मंदावते. लढायचे किंवा पळायचे असेल तर स्नायूंना इंधन हवे, म्हणून शरीराने केलेली ही तरतूद आहे. निरोगी माणसाचे स्वादुपिंड जास्तीचे इन्शुलिन सोडून तोल सावरते. मधुमेह्याचा तोल असा सहज सावरत नाही. त्यातून प्रसंग बँकेच्या नोटिशीचा असेल तर लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. साखर रक्तातच राहते.

हा झाला सरळ रस्ता. दुसरा रस्ता वळणाचा आहे आणि बहुधा जास्त वर्दळीचा. मन थाऱ्यावर नसलेला माणूस गोळी घ्यायची विसरतो, जेवणाच्या वेळा चुकवतो, रात्र रात्र जागतो, तंबाखू वाढवतो, दारूकडे वळतो, आणि पुढच्या तपासणीला जायचेच टाळतो, कारण तिथे पुन्हा बोलणी खावी लागतील याची त्याला धास्ती असते. तिसरा रस्ता उलट दिशेने येतो. साखर एकदम उतरली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडते, म्हणजे भीतीने जे जे होते ते सगळे होते. ज्याने हा अनुभव एकदा घेतला तो पुढे उतरलेल्या साखरेच्या भीतीने गोळी किंवा इंजेक्शन हातचे राखून घेऊ लागतो.

मराठीला या संबंधाची एक खूण आधीपासून ठाऊक आहे. ‘काळीज’ हा शब्द आपण आज हृदयासाठी वापरतो. त्याचा जुना अर्थ यकृत. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली तर आजही यकृतच मिळते. ‘काळजी’ हा शब्द याच काळजाशी नाते सांगतो. व्युत्पत्तीने शरीरशास्त्र सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे, आणि ‘आमच्या पूर्वजांना सगळे माहीत होते’ या आरोळीत मला सूर मिसळायचा नाही. चिंतेची जागा जिथे साखरेचा साठा असतो तिथे दाखवणारी भाषा आपल्याकडे आहे, एवढेच नोंदवून पुढे जातो. ‘टेन्शन’ या शब्दापाशी थांबायचे, तर त्याने आपल्या भाषेत कोणाची जागा घेतली हे आधी ठाऊक हवे.

*

आता त्या वाक्याच्या व्याकरणाकडे वळू. मराठीत मनस्तापाचे शब्द भरपूर आहेत आणि त्यांतला प्रत्येक वेगळा आहे. घोर लागतो, धास्ती वाटते, हुरहूर लागते, घालमेल होते, जीव घाबरा होतो. या सर्व रचनांत माणूस कर्ता नसतो. ‘मला घोर लागला’, ‘तिला धास्ती वाटते’ : ज्याच्यावर गुदरते तो चतुर्थीत उभा असतो आणि कर्तेपद त्या घोराकडे, त्या धास्तीकडे असते. ‘टेन्शन घेणे’ या रचनेत मात्र माणूस कर्ता होतो. तो टेन्शन ‘घेतो’, जसा चहा घेतो. जे घेतले ते न घेणेही मग त्याच्याच हाती असते. म्हणूनच त्याला ‘घेऊ नका’ असे बजावता येते. ‘घोर लागू देऊ नका’ असे डॉक्टर सहसा म्हणत नाहीत, कारण ते म्हणताना वाक्यच अडखळते.

यावर कोणी म्हणेल की ‘त्याने धसका घेतला’, ‘तिने हाय खाल्ली’ यांतही माणूसच कर्ता आहे. आक्षेप रास्त आहे. पण हे शब्द षष्ठीवाचून फार वेळ उभे राहत नाहीत. ‘हाय खाल्ली’ म्हटले की ऐकणारा विचारतो, कशाची? लेकाची, गेलेल्या जमिनीची, बुडालेल्या पिकाची. धसका कशाचा? घोर कशाचा? या शब्दांबरोबर दुःखाचा पत्ता येतो, निदान तो विचारण्याची रीत येते. ‘टेन्शन’ला षष्ठी लावता येते, पण लावलीच पाहिजे अशी गरज भाषेला वाटत नाही. ‘टेन्शन आहे’ हे वाक्य पूर्ण मानले जाते. दवाखान्यात तर ते नेहमी असेच, पत्त्यावाचून येते. डॉक्टर विचारतात, ‘टेन्शन आहे का?’ रुग्ण म्हणतो, ‘आहे.’ संभाषण तिथेच संपते आणि गोळीचे प्रमाण वाढते.

एक खरा संबंध आरोप होऊन बसतो तो असा. मनस्तापाने साखर वाढते, हे विधान. तुम्ही टेन्शन घेता म्हणून तुमची साखर वाढते, हा ठपका. विधानातून ठपक्याकडे जाताना मनस्तापाचे कारण वगळले जाते आणि त्याच्या जागी मनस्ताप भोगणारा माणूस कारण म्हणून बसवला जातो. ‘काळजी घ्या, पण काळजी करू नका’ हे जोडवाक्यही याच घराण्यातले आहे. आपल्या भाषेत नाम एकच आहे. क्रियापद बदलले की जपणूक होते किंवा जाच होतो. ज्याला जन्मभर रोज दोन वेळा स्वतःच्या ताटाची, पावलांची, डोळ्यांची, मूत्रपिंडांची काळजी घ्यायची आहे, त्याने ती करायची मात्र नाही, ही अपेक्षा भाषेतही सुसंगत नाही आणि शरीरातही नाही.

वैद्यकाने हा प्रश्न अजिबात पाहिलेला नाही असे नव्हे. १९९५ साली अमेरिकेतील बोस्टनच्या जोसलिन केंद्रातील संशोधकांनी मधुमेहातून येणारा मनस्ताप मोजण्यासाठी वीस प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. २००५ मध्ये सतरा प्रश्नांची आणखी एक आली. हा मनस्ताप आणि नैराश्याचा आजार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्या संशोधनाचे महत्त्वाचे फलित आहे. मधुमेहासह रोज जगावे लागते, त्या जगण्याचा शीण हा मनोविकार नव्हे. दुसऱ्या मोजपट्टीने या शिणाचे चार स्रोत मानले आहेत : भावनिक ओझे, पथ्यपाण्याचा काच, जवळच्या माणसांशी येणारे ताण आणि चौथा, डॉक्टरांपासून होणारा मनस्ताप. ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगणारी व्यक्ती स्वतः टेन्शनच्या चार स्रोतांपैकी एक असू शकते, हे वैद्यकानेच अधिकृतपणे लिहून ठेवले आहे. पण त्या सतरा प्रश्नांत पावसाचा प्रश्न नाही, कर्जाचा नाही, कापसाच्या भावाचा नाही. ती मोजपट्टी जिथे तयार झाली तिथे त्यांची गरज भासली नसेल. परभणीत भासते.

*

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीची ज्वारी ही इथली मुख्य पिके, आणि बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर. २०१५-१६ चा दुष्काळ शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी नेल्यामुळे देशभर गाजला. इथेही त्याने विहिरी आणि बोअर कोरडे केले. २०२४ च्या आणि २०२५ च्या पावसाळ्यात उलटे झाले : अतिवृष्टीने उभे पीक पाण्यात गेले. अशा गावातल्या पन्नाशीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या रक्तात साखर वाढलेली सापडली, तर त्या साखरेचा काही भाग ताटातून आला असेल, काही आईबापांकडून, आणि काही सोसायटीच्या थकबाकीतून. यांतला किती भाग कशाचा, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. निदान तिन्ही शक्यता कागदावर यायला हव्यात.

शेतीच्या पंपाला वीज रात्रपाळीची असेल तर गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री शेतात जातो. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते : रात्री जेवणाआधी एक गोळी, वेळेवर झोप. गंगाखेडच्या दक्षिणेला बालाघाटचा डोंगरपट्टा आहे. तिथून नवरा-बायकोची जोडी, ज्याला ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. तिचे कार्ड गावच्या आरोग्य केंद्रात आणि ती चारशे किलोमीटरवर उसाच्या फडात. इन्शुलिन थंड जागी ठेवावे लागते आणि कोपीत फ्रिज नसतो. आजारी पडून खाडा झाला तर खाड्याचे पैसे अंगावर फिरतात. दिवसभर साखरेच्या पिकात उभ्या असलेल्या या बाईला ‘गोड टाळा आणि टेन्शन घेऊ नका’ असे सांगणे ही थट्टा आहे. ती कोणी मुद्दाम करीत नाही, म्हणून ती कमी होत नाही.

इथे एक जुनी प्रतिमा आडवी येते. मधुमेह हा सुखवस्तू माणसाचा, बसून खाणाऱ्याचा रोग, ही ती प्रतिमा. तिला आधार म्हणून चरकाचे नाव सांगितले जाते. बसण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, गूळ, नवे धान्य ही प्रमेहाची कारणे चरकसंहितेत आहेत, ही गोष्ट खरी. पण त्याच संहितेच्या निदानस्थानात वातज प्रमेहाची कारणे वेगळी दिली आहेत, आणि मधुमेहाची गणना तिथे या वातज प्रमेहांत होते. त्या यादीत अनशन आहे, आतप म्हणजे ऊन आहे, अभिघात आहे, जागरण आहे, आणि उद्वेग व शोक आहेत. पोटाला चिमटा, डोक्यावर ऊन, अंगाला मार, डोळ्यांना झोप नाही, मनाला घोर. ही यादी सुखवस्तूची नाही. फडातल्या त्या बाईचा दिवस क्रमाने लिहिला तर तो जवळपास असाच निघेल. आजच्या वैद्यकाचा मधुमेह आणि चरकाचा मधुमेह एकच, असा दावा मी करीत नाही. पण परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी तिची एकच यादी लक्षात ठेवली आणि दुसरी विसरून गेले, हे निवडक विस्मरण बोलके आहे. पहिली यादी रुग्णाला दोष देते. दुसरी त्याची अवस्था विचारते.

सुखवस्तूपणाच्या प्रतिमेला आधुनिक संशोधनानेही धक्का दिला आहे, आणि तो महाराष्ट्रातूनच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी दोन किलो सातशे ग्रॅमच्या आसपास भरत, इंग्लंडमधील बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. वरून काटकुळी, आतून चरबी राखलेली अशी ही ठेवण पुढे मधुमेहाकडे झुकते. म्हणजे आईच्या पोटातली उपासमार लेकराच्या चाळिशीत साखर होऊन भेटू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत. एवढ्या सगळ्यांना श्रीखंडाचा दोष लावणे शक्य नाही.

*

‘टेन्शन घेऊ नका’ या वाक्याचे एक श्रीमंत भावंड आहे : ‘मन प्रसन्न ठेवा, मधुमेह पळवा.’ एस.टी. स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यांपासून मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींपर्यंत ते सर्वत्र भेटते. चिंता आणि चिता यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे, हा घासून गुळगुळीत झालेला विनोद त्याच्या तोंडी असतो. डॉक्टर निदान गोळी तरी देतात. हा पंथ गोळीही काढून घेतो. साखर मनाने वाढते, तर मनानेच उतरेल, असा त्याचा साधा हिशोब. हा हिशोब प्राणघातक आहे. ज्या मुलाच्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयारच होत नाही, ते मूल कितीही प्रसन्न असले तरी इन्शुलिनवाचून जगणार नाही. १९२२ मध्ये माणसाला पहिले इन्शुलिन टोचले गेले, त्यापूर्वी अशी मुले मरत होती, आणि ती काही मनाने दुबळी होती म्हणून मेली नाहीत. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहातही क्षोभ हे अनेकांपैकी एक कारण आहे. ते एकमेव मानून औषध सोडणारा माणूस डोळे आणि पाय पणाला लावतो.

साहित्याच्या अभ्यासकांना इथे सुसान सोंटॅग आठवतील. क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती साचलेल्या रूपकांवर त्यांनी १९७८ मध्ये ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ हे पुस्तक लिहिले. आजाराचे मूळ रुग्णाच्या स्वभावात शोधणारी मानसशास्त्रीय उपपत्ती हे रुग्णालाच दोषी ठरवण्याचे साधन आहे, हा त्यांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वरच्या पंथाला तो तंतोतंत लागू पडतो. पण त्यांचे टोक गाठून, आजार हा निव्वळ आजार आहे, त्यात दुःखाची भाषा आणूच नका, असे परभणीत म्हणायचे ठरवले तर शेवटी आकडा तेवढा शिल्लक राहतो. मधुमेहात दुःखाचा संबंध रूपकाचा नाही. तो संप्रेरकांचा, झोपेचा, हुकलेल्या गोळीचा, म्हणजे शरीराचाच आहे. तेव्हा दुःखाला हाकलून न देता त्याचे कारण नेमके सांगणे, हा मार्ग उरतो. दुःख स्वभावातून येत नसून थकबाकीतून येत असेल, तर त्यावर बोलण्याने रुग्ण दोषी ठरत नाही.

एक प्रामाणिक अडचणही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही वरच्याच पंथातला ठरेन. मनस्ताप जास्त तिथे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडाही जास्त, हे अनेक पाहण्यांत दिसते. पण मनस्ताप कमी केला की आकडाही हमखास उतरतो, असे प्रयोगांत नेहमी दिसलेले नाही. काहींत मनाचे ओझे हलके झाले आणि आकडा जवळपास तिथेच राहिला. काही प्रयोग अधिक आशादायक निघाले. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणम येथील चार दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका गटासाठी समन्वयक नेमले होते. ते डॉक्टर नव्हते. रुग्णांशी नियमित बोलणे, त्यांचा पाठपुरावा करणे आणि अडचण तज्ज्ञांपर्यंत नेणे हे त्यांचे काम. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्यावर आले आणि सोबत साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी सुधारले, असे रुग्ण या गटात ७१.६ टक्के निघाले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५७.४ टक्के.

माझा युक्तिवाद या आकड्यांवर अवलंबून नाही, हे मात्र स्पष्ट करतो. साखर उतरावी म्हणूनच दुःख ऐकायचे असेल, तर साखर न उतरल्यास ऐकणे बंद करावे लागेल. माणसाचे दुःख हे त्याच्या रक्तातल्या साखरेचे उपांग नाही. साखर तसूभर उतरली नाही तरीही ते हलके करणे हे वैद्यकाचे आणि समाजाचे काम उरतेच. मनाची विचारपूस हे साखरेवरचे आणखी एक औषध मानले गेले, तर ती विचारपूस उद्या चिठ्ठीवरची एक ओळ होऊन बसेल, आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हेच वाक्य नव्या वेष्टनात परत येईल.

*

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. बाहेर रांग लागलेली असताना एका रुग्णाला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही. कर्ज माफ करणे त्यांच्या हाती नाही, पाऊस पाडणे तर नाहीच. मग विचारून उपयोग काय, असे ते म्हणतात, आणि यात कांगावा नाही. पण उपाय हाती नसला तरी नोंद हाती असते. गोळी लागू पडत नाही याचे कारण ‘पथ्य पाळत नाही’ असे लिहायचे की ‘रात्रपाळीने पाणी देतो, जेवणाची वेळ ठरत नाही’ असे लिहायचे, याला वेळ सारखाच लागतो. पहिल्या नोंदीवरून पुढचा डॉक्टर रागावतो. दुसऱ्या नोंदीवरून तो गोळीची वेळ बदलतो.

शासनाकडेही या प्रश्नाचे तुकडे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या वह्यांत आहेत. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राज्याने चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. परभणी त्यांपैकी एक. घरोघरी जाऊन मानसिक त्रासाची लक्षणे टिपण्याचे काम आशाताईंकडे आले. त्याच आशाताई तीस वर्षांवरील लोकांसाठी दुसरा एक तक्ता भरतात, ज्यात कंबरेचा घेर, तंबाखू, आईवडिलांचा मधुमेह विचारला जातो. त्याच्या सुधारित नमुन्यात मनाविषयीचे दोन प्रश्नही आले आहेत. बाई तीच, उंबरठा तोच, माणूसही तोच. पण एका कागदावर तो शेतकरी म्हणून दुःखी आहे आणि दुसऱ्यावर मधुमेही म्हणून लठ्ठ किंवा काटकुळा. या दोन कागदांनी एकमेकांना भेटावे, साखर हाताबाहेर गेलेल्या माणसाला घोर कशाचा हे विचारले जावे, आणि ज्याला घोर आहे त्याची साखर पाहिली जावी, ही मागणी फार मोठी नाही.

आता आपल्याविषयी. मराठवाड्याच्या साहित्याने दुष्काळ, सावकार, स्थलांतर पाहिले नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु माझ्या वाचनातल्या कथा-कादंबऱ्यांत शेतकरी एकतर राबतो, एकतर फास घेतो. या दोहोंच्या मधली वीस वर्षे तो रोज सकाळी गोळी गिळतो, त्याच्या तळपायाला मुंग्या येतात, जखम भरत नाही, हे क्वचितच भेटते. वेदना हा आपला लाडका शब्द. दुखणे या शब्दाशी मात्र आपण फटकून वागतो. हळूहळू होणारा ऱ्हास कथानकाला सोयीचा नसतो, एवढेच याचे कारण असेल तर ती साहित्याची उणीव आहे. ज्या जिल्ह्यातले गंगाखेड हे जनाबाईचे गाव मानले जाते, तिथे तरी हे विसरू नये की जात्यावरच्या ओवीत दुःख कधी पत्त्यावाचून येत नसे. ते सासरचे, माहेरचे, भावाचे, उपाशी लेकराचे असे आणि कोणाला तरी उद्देशून सांगितलेले असे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, म्हणजे सांगण्यासारखे किती होते पाहा. जाते परत आणा असे माझे म्हणणे नाही. पिठाच्या गिरणीने बायकांच्या हातांचे आणि झोपेचे भलेच केले. पण ते सांगण्याची जागा गेली आणि तिथे ‘टेन्शन’ हा एक शब्द येऊन बसला, हे आपण भाषेचे लोक नुसते पाहत राहिलो.

म्हणून शेवटी एक साधे काम सुचवतो, आणि ते मराठी विभागांनीच करण्याजोगे आहे. मनाविषयीचे जे प्रश्न तक्त्यांत येतात त्यांची भाषा खिन्नता, निराशा, स्वारस्याचा अभाव अशी पुस्तकी असते. पाथरी-मानवतची बाई असे बोलत नाही. ती म्हणते, करमत नाही, जीव लागत नाही, डोके उठले आहे, घास गोड लागत नाही. यातले शेवटचे वाक्य मधुमेहाच्या दवाखान्यात उच्चारले गेले तर ते पथ्य पाळल्याची खूण समजले जाण्याचा धोका आहे. पदव्युत्तर वर्गांत दरवर्षी तेच तेच प्रकल्प होतात. त्यांऐवजी एखाद्या वर्षी विद्यार्थ्यांनी नऊ तालुक्यांत फिरून, लोकांच्या संमतीने आणि नावे न लिहिता, मधुमेही माणसे आपल्या मनस्तापासाठी कोणते शब्द वापरतात त्यांची सूची करावी. प्रत्येक शब्दापुढे तो ज्या षष्ठीसह आला ती नोंदवावी : कशाचा घोर, कशाची हाय, कशाची धास्ती. ती सूची आशाताईंना आणि जिल्ह्यातल्या डॉक्टरांना द्यावी. त्याने कोणाची साखर उतरेल याची हमी मी देत नाही. पण पुढच्या वेळी रुग्णाने ‘टेन्शन आहे’ म्हटले तर ‘घेऊ नका’ म्हणण्याआधी ‘कशाचं?’ असे विचारले जाईल, आणि जे उत्तर येईल ते लिहून ठेवायला शब्द असतील.